प्रोग्रामर व्हायला डिग्री लागतेच का?

कोडिंग येत असेल तर डिग्री कशाला, असं सोशल मीडियावर सर्रास ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहेच. २०२१ मध्ये आयबीएमने अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या जागांसाठी पदवीची अट काढली होती. भारतातही झोहो, एचसीएल या कंपन्या बारावी झालेल्या मुलांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतात.

पण अट काढली म्हणजे भरती बदलली, असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालानुसार, अमेरिकेत या बदलाचा फायदा ७०० नव्या भरतींमागे एकालाही धड झालेला नाही. शिवाय, अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतोच.

थोडक्यात, नोकरी कौशल्यावर टिकते, पण पहिल्या चाळणीत अनेकदा डिग्रीच पाहिली जाते. कॉलेज अर्ध्यावर सोडण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.