कॅमेरा हाती आला, हक्काचे काय?

गाण्याचा व्हिडिओ म्हणजे तीन-चार मिनिटांची करमणूक, असा अनेकांचा समज आहे. पण गाणारा कोण दिसणार आणि कसा दिसणार, हे ठरवणारे हे माध्यम आहे. ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, सत्ताही त्याच्याच हाती, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली. दिवसरात्र गाण्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या या वाहिनीवर सुरुवातीला काळे कलावंत अपवादानेच दिसत. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने एमटीव्हीच्याच मुलाखतकाराला उलट विचारले, काळे कलावंत इतके थोडे का? त्याच वर्षी मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'ने ते दार ढकलले आणि डिसेंबरात 'थ्रिलर' आला. जॉन लँडिस या चित्रपट दिग्दर्शकाने सुमारे चौदा मिनिटांचा हा व्हिडिओ चित्रपटासारखाच घडवला. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. असा मान मिळवणारा तो पहिलाच संगीत व्हिडिओ. म्हणजे गुणवत्तेची वाण कधीच नव्हती, अडवणूक दाराशी होती.

आणि दिग्दर्शक? दृश्याची कल्पना त्याची, मांडणी त्याची, तरी एमटीव्हीने व्हिडिओवर दिग्दर्शकाचे नाव द्यायला सुरुवात केली ती १९९२ च्या अखेरीस. अकरा वर्षे काम दिसत होते, काम करणारा दिसत नव्हता!

पुढे तंत्र बदलले. फिल्मचे रीळ, प्रयोगशाळा, संकलनाचा खर्च हे सारे धनवंतांचे काम होते. २००५ मध्ये यूट्यूब आले, २००८ नंतर फोटोच्या कॅमेऱ्यातच दर्जेदार चित्रीकरण होऊ लागले आणि मग मोबाईलने वस्तीतल्या पोरालाही दिग्दर्शक केले. २०२४ मध्ये तर पॉल ट्रिलो या दिग्दर्शकाने 'वॉश्ड आउट'च्या गाण्याचा व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'सोरा' या साधनावर तयार केला. त्यातली दृश्ये कॅमेऱ्याने टिपलेलीच नाहीत.

पण साधन स्वस्त झाले म्हणून श्रेय आपोआप मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे आले. अमित कृष्णन यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला. शब्द अरिवू या दलित कवी-गायकाचे, त्यामागे चहाच्या मळ्यात राबलेल्या त्याच्या आजीच्या आठवणी. तरीही त्याच ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर गायिका धी झळकली, अरिवू मात्र नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा देशभर चर्चा झाली.

श्रेयाचा प्रश्न शेवटी कायद्यापाशी येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि व्हिडिओही त्याच व्याख्येत येतो. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकालाही निर्मात्यासोबत कर्ता मानले होते. २०१२ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा ती तरतूद गळाली होती. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम झाला, दिग्दर्शक कोरडाच राहिला. युरोपीय संघात मात्र प्रमुख दिग्दर्शकाला कायद्यानेच कर्ता मानतात. मग आपल्याकडे का नाही? ही मागणी पुन्हा रेटली पाहिजे.

तोवर आपल्या तरुणांनी असलेला कायदा वापरावा. कायद्याच्या भाषेत निर्माता म्हणजे निव्वळ पैसेवाला नव्हे. कलाकृती घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता. तुम्ही स्वतः उभे राहून व्हिडिओ केला असेल तर निर्माते तुम्हीच. मग भाड्याच्या पावत्या, कलावंतांची संमतीपत्रे, मूळ चित्रीकरण जपून ठेवा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी व सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. 'सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जगभर' असे छापलेला कागद पुढे आला, तर आधी वाचा, समजून घ्या, मगच सही करा.

गाणे आपले, चेहरे आपले, मेहनत आपली आणि मालकी मात्र दुसऱ्याची, ही रीत जुनीच आहे. ती मोडायची तर शूटिंगच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याची बॅटरी जशी तपासता, तसाच करारही तपासा.