गाण्याचा हंगाम कोणाचा?

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव आहे. खांडसच्या बाजूने भीमाशंकरचा डोंगर चढणारे लोक येथूनच पुढे जातात. गावाच्या आजूबाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, ठाकर आणि कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. वाडी म्हणजे थोड्या घरांची लहान वस्ती.

या वाड्यांमध्ये गाण्याला तोटा नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत बायका फेर धरून गातात. होळीला रात्री उशिरापर्यंत ढोल वाजतो. लग्नघरी गाण्यावाचून एकही विधी होत नाही. ही गाणी कोणी वहीत लिहून ठेवलेली नाहीत. ती आईकडून मुलीकडे आणि काकाकडून पुतण्याकडे येतात. येताना थोडी बदलतात.

अलीकडे आपल्या भागात शहरातील लोकांची ये-जा वाढली आहे. त्यांच्यापैकी काही जण म्हणतात, “कशेळ्यासारख्या ठिकाणी दरवर्षी लोकगीतांचे कार्यक्रम का होऊ नयेत? थंडीच्या दिवसांत, दर शनिवारी, उघड्या मैदानात!” कल्पना चांगली आहे. मलाही असे कार्यक्रम हवे आहेत. माझे भांडण फक्त ‘थंडीच्या दिवसांत’ या शब्दांशी आहे.

शहरात गाण्याचा हंगाम हिवाळ्यातच असतो, हे खरे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तो डिसेंबर महिन्यात भरतो. हवा कोरडी आणि थंड असते, मांडव घालता येतो, श्रोते शाल पांघरून बसतात. तेथे गायकालाही ते दिवस सोयीचे असतात, कारण गाणे हाच त्याचा व्यवसाय आहे.

आपल्या वाडीतल्या गायकाचे तसे नाही. तो आधी शेतमजूर आहे. त्याचे वर्ष भाताभोवती फिरते. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस पडला की रोपे तयार करायची, आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून लावणी करायची आणि दिवाळीच्या आसपास भात कापायचे. त्यानंतर कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. तिकडे थंडी आणि उन्हाळा काढून ती पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे ज्या शनिवारी शहरातले श्रोते कशेळ्याच्या मैदानात खुर्च्या मांडून बसतील, त्या शनिवारी गाणारी बाई कुठल्यातरी भट्टीवर विटा वाहत असेल. मग मंचावर कोण उभे राहणार? जे कोणी उरले असतील ते!

म्हणून माझे मत असे आहे की, हे कार्यक्रम लावणी संपल्यानंतर आणि भातकापणी सुरू होण्यापूर्वी व्हावेत. म्हणजे साधारण भाद्रपद आणि आश्विन महिन्यांत. तेव्हा सगळी वाडी घरी असते. गौरीची गाणी ओठांवर ताजी असतात. आणि त्याच दिवसांत हाताला काम नसते. घरातले जुने धान्य संपत आलेले असते आणि नवे अजून शेतात उभे असते. याच अडचणीसाठी सरकारने खावटी कर्ज सुरू केले आणि कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने या भागात धान्य बँका उभ्या केल्या. याच दिवसांत भट्टीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जातो. ती घेतली की दिवाळीनंतर भट्टीवर जावेच लागते. गाण्याच्या बिदागीने उचल थांबेल, असे मी म्हणत नाही. पण त्या महिन्यांत हातात आलेल्या पैशांची किंमत जानेवारीतल्या पैशांपेक्षा मोठी असते, हे कोणत्याही घरातल्या बाईला विचारावे.

पावसात कार्यक्रम कसा करणार, असे कोणी विचारील. मैदानात होणार नाही, हे उघड आहे. तो शाळेच्या पडवीत होईल, समाजमंदिरात होईल. श्रोते पाचशेऐवजी ऐंशी असतील. माझ्या दृष्टीने तो तोटा नाही. शिवाय ही गाणी ध्वनिक्षेपकासाठी जन्मलेली नाहीत. ती जवळ बसूनच कानी पडतात.

दुसरी गोष्ट नावाची आहे. तुमच्यापैकी काहींनी मुशायरा ऐकला असेल. तेथे शायराचे नाव आधी आदराने पुकारले जाते. गझलेच्या शेवटच्या शेरात तो आपला तखल्लुस गुंफतो. मराठीतही ही रीत जुनी आहे. संतांच्या अभंगाच्या शेवटी संताचे नाव येते. पोवाडा आणि लावणी रचणारे शाहीरही शेवटी आपले नाव घालत. पेशवाईतले सगनभाऊ हे असेच एक मुसलमान शाहीर होते. अमर शेख तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म १९१६ साली बार्शी येथे झाला. आई मुनेरबी यांच्या ओव्या ऐकत ते वाढले. पुढे ते स्वतः गीते रचू लागले आणि स्वतःच गाऊ लागले. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभा गाजवल्या. अमर शेख यांचे नाव राहिले. मुनेरबींचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते मुलगा प्रसिद्ध झाला म्हणून.

ठाकरांच्या गाण्यांचे काय झाले पाहा. १९७७ साली ‘जैत रे जैत’ हा चित्रपट आला. तो गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेला असून त्याची कथा ठाकरांची आहे. गीते ना. धों. महानोर यांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. महानोर हे अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे कवी. गीते सुंदर आहेत, यात शंका नाही. साऱ्या महाराष्ट्राने ठाकर समाज त्या गीतांतून ओळखला. पण त्याच महाराष्ट्राला एखाद्या ठाकर गायकाचे नाव विचारा. बहुतेक लोक गप्प राहतील. हा कवीचा दोष नाही. आपण कधी विचारलेच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका विश्रामगृहात मी एक कार्यक्रम पाहिला. निवेदक म्हणाला, “आता आदिवासी नृत्य.” वीस मिनिटे ढोल वाजला. पाहुण्यांनी छायाचित्रे काढली. कोण नाचले, कोणत्या वाडीचे होते, गाणे कशाबद्दल होते, यातले काहीच सांगितले गेले नाही. त्याच रात्री नंतर तबला वाजवणाऱ्या तरुणाचे मात्र नाव, गाव आणि गुरू, सगळे सांगण्यात आले. मला तेव्हा काही बोलता आले नाही, याची अजून लाज वाटते.

नाव राखणे अशक्य नाही. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यात आणि इतरत्र जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव लिहून ठेवले. आज त्या ओव्या इंटरनेटवर नावागावासह वाचता येतात, काही ऐकताही येतात. राजस्थानात कोमल कोठारी यांनी लंगा आणि मांगणियार या मुसलमान गायक जमातींची गाणी वाळवंटातून जगापुढे आणली. त्या जमातीतील कमायचा वाजवणारे साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. जोधपूरच्या किल्ल्यात शरद पौर्णिमेच्या सुमारास लोकसंगीताचा मोठा उत्सव होतो, त्यात आता या गायकांची नावे छापलेली असतात.

एक आक्षेप मला खरा वाटतो. काही गाणी देवासमोरची असतात, काही मृत्यूच्या वेळची. ती तिकीट लावून ऐकायची नसतात. कोणते गाणे मंचावर आणायचे आणि कोणते वाडीतच ठेवायचे, हे वाडीनेच ठरवावे. आयोजकांनी यादी मागू नये.

मागच्या भाद्रपदात मी एका वाडीत गेलो होतो. एक म्हातारी गात होती. गाणे जुने वाटत होते, पण मध्येच त्यात माणसे भरून भट्टीवर नेणारा ट्रक आला, मागे राहिलेली कोंबडी आली आणि कुलूप नसलेले दार आले. मी विचारले, “आजी, हे गाणं कोणाचं?”

“आमच्या वाडीचं.”

“आणि ट्रकचं कडवं?”

ती हसली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, “ते माझं.”

मी वही उघडली आणि तिचे नाव विचारले. तिने ते दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा मी चुकीचे लिहिले होते.