ओळख दिग्दर्शकांची : सुमित्रा भावे



डिसेंबरात डंडॉकला चार वाजताच अंधार पडतो आणि संध्याकाळ सरता सरत नाही. अशा वेळी घरात बसून पाहण्याजोगे मराठी सिनेमे कोणते, असे बरेच जण विचारतात. म्हणून या खेपेला सुमित्रा भावे यांच्याविषयी.

सुमित्राताई पुण्याच्या, जन्म १९४३ चा. सिनेमाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या शिकल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवले. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांच्या लक्षात आले, की ज्यांच्याविषयी अहवाल लिहायचा त्यांना तो वाचताच येणार नाही. अहवाल छापून आला की काम झाले, असे आम्ही प्रयोगशाळेतली माणसे धरून चालतो. ताईंना ते पटेना. त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. साल १९८५, वय ४२! पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांना येऊन मिळाले. 'दोघी' (१९९५) पासून या जोडीने बरेच चित्रपट केले. ज्या गोष्टी आपण चारचौघांत बोलत नाही, त्याच नेमक्या त्यांनी पडद्यावर आणल्या. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'नितळ'मध्ये अंगावरचे कोड, 'कासव'मध्ये नैराश्य. 'कासव'ला २०१६ चे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई'पासून मोजले तर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट.

आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'अस्तु' (२०१३). स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. मुलगी त्यांना शोधत राहते, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वडिलांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची. रविवारी घरी फोन केला आणि बाबांनी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, की आपण 'वय झाले' म्हणून विषय बदलतो. इतक्या लांबून दुसरे सुचतही नाही. हा सिनेमा विषय बदलत नाही. मुलीची माया दाखवतो, तसा तिचा वैतागही दाखवतो, आणि तिला दोषी ठरवत नाही.

१९ एप्रिल २०२१ ला ताई गेल्या. पुढच्याच महिन्यात त्यांचा 'दिठी' प्रेक्षकांसमोर आला.

मुलांसोबत बघायचा तर 'दहावी फ' आधी बघा. 'अस्तु' मात्र मंडळातर्फे एकत्र पाहावा असा विचार आहे. ज्यांचे आईवडील तिकडे थकले आहेत त्यांनी जरूर यावे. नंतर चहा आहे, आणि बोलायलाही वेळ राखून ठेवू. यायचे असल्यास कार्यकारिणीत कोणालाही सांगावे.