वेबसाइट तुमची, पण किल्ली कोणाकडे?

मंडळी, फ्लॅट घेताना आपण काय काय बघतो आठवा. अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वर पुन्हा ओळखीच्या वकिलाकडून एकदा सगळं वाचून घेणं. आणि वेबसाइट बनवताना? ‘अरे, ओळखीतला मुलगा आहे, दहा हजारांत करून देतोय’ एवढ्यावर आपण जाम खूश!

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचं नोकरी सांभाळून साइडला काहीतरी चालू असतं. कोणी केक करतं, कोणी कानातली विकतं, कोणी आईच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेतं. या सगळ्यात छोटीशी का होईना, एक वेबसाइट असते. तिचे रंग कुठले, लोगो कसा, यावर घरात महाभारत होतं. ती कोणाच्या नावावर आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही.

माझ्या मावसबहिणीचं कोकणात समुद्राजवळ होमस्टे आहे. चार खोल्या, अंगणात झोपाळा, घरचं जेवण. साइट एका ओळखीच्या वेबसाइटवाल्याने करून दिलेली. छान चालली होती. मग एका एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन मे महिन्याच्या बुकिंगच्या वेळी, फोन येणं एकदम कमी झालं. ताईला वाटलं, परीक्षा लांबल्या असतील. शेवटी एका जुन्या पाहुण्यांनीच फोन करून सांगितलं, ‘अहो, तुमची साइट उघडतच नाहीये.’ डोमेनची मुदत मार्चमध्येच संपली होती. रिन्यू करा, अशा सूचनेचे ईमेल आले होते, पण ते वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर. कारण डोमेन त्याच्या अकाउंटमध्ये, त्याच्याच नावावर! आणि तो ते काम सोडून दुसऱ्या नोकरीला लागलेला. तो सापडला, जास्तीचे पैसे भरून नाव सुटलं आणि ताईच्या नावावर झालं, तोवर निम्मा मे संपला होता. कोकणातल्या होमस्टेचा निम्मा मे म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे आजचा फंडा एकच. डिझाइन नंतर, मार्केटिंग त्याच्याही नंतर. आधी किल्ल्या ताब्यात घ्या.

चार किल्ल्या

एक, डोमेन. म्हणजे तुमच्या साइटचं नाव. ते तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवरून घेतलेलं हवं. दोन, होस्टिंग. म्हणजे साइटच्या फायली जिथे राहतात ती जागा. तीन, साइटचं अ‍ॅडमिन लॉगिन. आणि चार, गुगलवरचं तुमचं बिझनेस प्रोफाइल, ज्यात नकाशा, फोन आणि रिव्ह्यू दिसतात. या चारही ठिकाणी मालक तुम्ही. वेबसाइटवाल्याला काम करायला वेगळा प्रवेश द्या, तो देता येतो. घरकाम करणाऱ्या मावशींकडे आपण लॅचची जादा किल्ली देतो, घर नावावर करून देत नाही ना? तसंच.

डोमेन कधी संपतंय, हे बघायला पैसे लागत नाहीत. आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकलं की कुठल्या कंपनीतून घेतलंय आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे कळतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, म्हणून ते वेबसाइटवाल्याकडूनच लेखी घ्या. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. निदान ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि जुनं कार्ड बदललं की तिथेही बदला.

आणि मुदत संपलीच तर? डॉट कॉमसारख्या नावांना लगेच मरण नसतं. आधी काही दिवस, कंपनीनुसार कमी-जास्त, नेहमीच्या पैशांत रिन्यू करता येतं. मग ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ, त्यात दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी नाव बाजारात मोकळं, ज्याने आधी पकडलं त्याचं. म्हणजे घाबरायचं नाही, पण झोपायचंही नाही.

‘पण माझं इन्स्टा आहे ना!’

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. इन्स्टा जरूर असू द्या. पण तो भाड्याचा गाळा आहे. मालकाने शटर ओढलं की आपण रस्त्यावर. उदाहरणं हवीत? जिओसिटीजवरची लोकांनी हौसेने बनवलेली पानं याहूने २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. २९ जून २०२० च्या रात्री भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या मराठी पोरापोरींचे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गायब झाले. गुगलने छोट्या दुकानदारांना फुकट दिलेल्या प्रोफाइलवरच्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. यात त्या दुकानदारांची काय चूक होती? काहीच नाही. पण ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांचा पत्ता बदलला नाही. म्हणून गर्दी इन्स्टावर जमवा, पण तिला आपल्या घरचा पत्ता देत राहा.

आता घर आवरू या

किल्ल्या हातात आल्या? मग आता डिझाइन. साइट मोठ्या स्क्रीनवर पाहून ‘वॉव’ म्हणू नका. ती फोनवर उघडा, शक्यतो वाय-फाय बंद करून. गिऱ्हाईक तुमची साइट लोकलमध्ये लटकत किंवा सिग्नलला रिक्षात बसून बघत असतं. गुगलसुद्धा आता साइटचं मोबाइल रूपच वाचतं.

पहिल्या स्क्रीनवर तीन उत्तरं दिसलीच पाहिजेत : तुम्ही काय देता, कुठे देता आणि केवढ्याला. ‘रेटसाठी संपर्क साधा’ हे वाक्य आजच काढून टाका. आपल्याकडे रेट कळल्याशिवाय फोन करायला माणूस कचरतो, पुणेकर तर करतच नाही! चौथी गोष्ट म्हणजे फोन नंबर. तो चित्रात नको, अक्षरांत हवा आणि त्यावर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे.

अक्षरांवरून आठवलं. मराठी साइटचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. आपण डीटीपीवाल्याकडून सुंदर मेनूकार्ड करून घेतो आणि त्याचा फोटो साइटवर डकवतो. किंवा त्याच्याकडच्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच उचलतो आणि साइटवर भलतीच चिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून टाका. तरच तो शोधता येतो, कॉपी होतो, आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकतो. ‘चकली’ हा शब्द फोटोत अडकून पडला, तर चकली शोधणाऱ्याला तो सापडण्याचा काय भरवसा?

शिवाय पानाचं शीर्षक नीट द्या. ब्राउजरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात दिसतं ते. तिथे ‘होम’ किंवा ‘वेलकम’ असेल तर वाया गेलं. ‘घरगुती दिवाळी फराळ, कोथरूड, पुणे’ असं लिहिलं की अर्धं काम झालं. लोक मराठीत शोधतात तसं इंग्रजीतही, म्हणून दोन्ही भाषांत एकेक छोटं पान ठेवा.

आणि फोटो! फोनमधला पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी कमी करून तो दोनशे-तीनशे केबीवर आणा, डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं फुकट साधन आहे, त्यात पत्ता टाका. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, बहुधा फोटोच, अडीच सेकंदांच्या आत दिसली तर गुगलच्या हिशेबाने पास. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ आहे ना, तेही बघा. नसेल तर ब्राउजर चक्क ‘नॉट सिक्युअर’ म्हणतो आणि नवं गिऱ्हाईक तिथूनच पळतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था हे सर्टिफिकेट फुकट देते. बऱ्याच होस्टिंग कंपन्यांकडे ते एका क्लिकवर बसतं, उगाच हजारो रुपये मोजू नका.

आणि आता बोलवा पाहुणे

मार्केटिंग म्हटलं की आधी येतात ‘गुगलवर पहिला नंबर, गॅरंटीड’ वाले कॉल. ठेवून द्या. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगतं. कोणी ‘मेटा कीवर्ड’ भरून देतो म्हणाला, तर त्याला प्रेमाने सांगा की गुगल ते बघत नसल्याचं २००९ मध्येच जाहीर झालंय.

त्यापेक्षा खूश झालेल्या गिऱ्हाइकाला निघताना सांगा, ‘दोन ओळी रिव्ह्यू टाकाल का?’ विकतचे रिव्ह्यू नकोत, ते गुगलच्या नियमांत बसत नाहीत आणि लोकांनाही वास येतोच. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका. शांतपणे, नाव घेऊन उत्तर द्या. ते उत्तर त्याच्यासाठी नसतं, पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं.

आणि एक वही करा. हो, वहीच, किंवा एक्सेल म्हणा. ज्यांनी तुमच्याकडून एकदा घेतलंय त्यांचं नाव, नंबर, ईमेल, अर्थात विचारून. गणपतीला, दिवाळीला, मे महिन्याच्या आधी एकच साधा मेसेज पाठवा आणि ‘नको असेल तर कळवा’ हे खाली लिहा. ही यादी कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही.

तर या शनिवारी होमवर्क. चहा घ्या, फोन घ्या आणि ज्याने साइट केली त्याला एक मेसेज टाका : ‘डोमेन कुठे आहे, कोणाच्या ईमेलवर आहे आणि कधी संपतंय?’ चांगला माणूस असेल तर पाच मिनिटांत उत्तर देईल. उत्तर आलंच नाही, तर सोमवारी ऑफिसला जायच्या आधी पुन्हा फोन लावा. मागे लागा, बॉस. नाव तुमचं आहे!