टीव्ही नसलेल्या घरातून

१९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून आम्हीही ते पाहिले. पुढे वकिली सुरू झाल्यावर घरात मुद्दाम टीव्ही घेतला नाही. सासू-सुनांची भांडणे आणि देव्हारे पाहण्यापेक्षा ग्रंथ बरे! बाररूममध्ये मालिकांचा विषय निघाला की आम्ही मुकाट्याने चहा पितो. त्याची खंत नव्हती. थोडा ताठाच होता म्हणा.

२०१९ साली स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. विहारात आयाबाया आदल्या दिवशीच्या भागावर बोलू लागल्या. "वकीलसाहेब, दाखवलं तसंच घडलं होतं का?" एका आजीने विचारले. खैरमोडे यांनी लिहिलेले चरित्र आमच्या कपाटात आहे. पण पडद्यावर काय दाखवले तेच ठाऊक नाही! समाजाच्या घराघरांत रोज काय शिरते ते पाहायचे नाही आणि प्रबोधनाची भाषणे ठोकायची, म्हणजे साक्ष न ऐकता उलटतपासणीला उभे राहणे झाले.

टीव्ही आम्ही अजूनही घेतलेला नाही. मात्र त्यानंतर आजींच्या घरी बसून चार भाग पाहिले, तेव्हा कुठे त्यांच्या प्रश्नावर बोलता आले.