पीजेने येणारी झोप

पाचोऱ्याच्या स्टेशनावर पूर्वी एक नित्याचा देखावा असे. मुंबईकडची गाडी धडधडत येई, जामनेरची मंडळी बोचकीबासने घेऊन खाली उतरत आणि मग पीजेची वाट पाहत बसत. नॅरो गेजची ती पाचोरा–जामनेर गाडी आपली ५६ किलोमीटरांची वाट स्वतःच्या लहरीने चाले. २०२० साली ती थांबली, तेव्हा जन्मभर तिची चेष्टा करणारे आम्हीच सर्वांत अधिक हळहळलो.

या पीजेची आठवण मला गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत झाली, आणि तीही कोठे, तर न्यूजर्सीत! धाकट्या भावाला मुलगा झाला, म्हणून आईला घेऊन तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. मुंबईहून थेट विमानात सोळा तास बसले की माणूस पोचतो खरा. पण त्याची झोप आणि भूक मागाहून पीजेने येत असतात.

तेथले घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे. तेथे दुपारचे दोन वाजले की पाचोऱ्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. भावाने मोठ्या हौसेने समुद्र दाखवायला नेले, तर मी मोटारीतच घोरू लागलो. उलट रात्री दोनला पोटात कावळे ओरडत. कॉलेजातून घरी येऊन पानावर बसण्याची माझी वेळ तीच ना!

बोटीने विलायतेस जाणाऱ्या पिढीला ही पीडा नव्हती. बोटीवरचे घड्याळ रोज थोडेथोडे सरके आणि शरीर त्याच्या जोडीने चाले. विमानाची घाई मात्र त्याला झेपत नाही. ते दिवसाला सुमारे तासाभराच्या हिशेबानेच सरकते. पेशींतले हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाचे काटे फिरवतो तो मुख्यतः उजेड. म्हणून आपल्याकडून अमेरिकेस गेलेल्याने पहिले काही दिवस दुपार उन्हात काढावी. अगदीच राहवले नाही तर अर्ध्या तासाची डुलकी घ्यावी. संध्याकाळी चहा घेऊ नये म्हणतात. हा उपदेश आमच्या घरात कोणी मानला नाही.

विमानात मधूनमधून उठून फेरी मारावी, नाही तर पाय सुजतात. आणि घरात मधुमेहाचे माणूस असेल, तर औषधांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्या. आम्ही घेतल्या नव्हत्या. आईची गोळी कोणत्या घड्याळाने द्यायची, यावरून पहिल्याच दुपारी आम्हा भावांची चांगली जुंपली. शेवटी पाचोऱ्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्या भल्या माणसाला मध्यरात्री झोपेतून उठवले.

चौथ्या रात्री मी असाच दोनला जागा झालो. बाहेरच्या खोलीत दिवा दिसला. आई खुर्चीवर बसली होती आणि मांडीवरच्या वीस दिवसांच्या नातवाला पाचोऱ्याच्या गोष्टी सांगत होती. माझी भावजय बिचारी कित्येक दिवसांनी गाढ झोपली होती. तान्ह्या बाळाला रात्र-दिवस ठाऊक नसतात. त्याचे घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात.

"निजली नाहीस?" मी विचारले.

"याचं घड्याळ अजून कुठलंच नाही आणि माझं पाचोऱ्याचं," आई हळूच म्हणाली. "आमचं छान जमलंय. तू जा."

पुढे रोज रात्री ही बैठक भरू लागली. पण दहाव्या दिवशी आईची पीजे पोचली. त्या रात्री बाळ रडले, भाऊ उठला, आणि आई सकाळपर्यंत स्वस्थ झोपून राहिली. कळल्यावर तिने आम्हा दोघांनाही फैलावर घेतले. "मला हलवून का नाही उठवलं?" परतीला अकरा दिवस उरले होते.

त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे तिला उन्हात चल म्हणालो. तिने उत्तर न देता खिडकीचे पडदे ओढून घेतले आणि उशीवर डोके टेकले.

"ऊन तुलाच लखलाभ," ती म्हणाली. "मला रात्री जागायचंय."