माडबनच्या वाळूवर पायी चला

राजापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला गंगा आठवते, इंग्रजांची वखार आठवते. माडबन म्हटलं की अणुऊर्जा प्रकल्पाचा वाद. त्या वादावर पुष्कळ लिहून झालं आहे, मला आज त्यात शिरायचं नाही. मला लिहायचं आहे ते माडबनच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल. प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक दोघेही या टेकड्यांवरून चालत गेले असतील, पण त्या टेकड्यांबद्दल बोलताना मी फार कमी लोक ऐकले आहेत.

राजापुरातून जैतापूरमार्गे माडबनला जाता येतं. सुरूच्या झाडांतून पुढे गेलं की लांबलचक पुळण दिसते आणि तिच्या मागे वाऱ्याने रचलेले वाळूचे उंचवटे. त्यांच्या अंगावर बारीक लाटांसारखी नक्षी असते. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असताना प्रत्येक रेघेची सावली पडते, तेव्हा ती सगळ्यात स्पष्ट दिसते. भर दुपारी गेलात तर म्हणाल, यात पाहण्यासारखं काय आहे?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, भूगोल नाही. पण भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्याचं कार्य, बारखाण, वाळूच्या टेकड्या हे सगळं येतं आणि सोबत चित्र असतं ते वाळवंटाचं. आमच्या मुलांना वाटतं, वाळूच्या टेकड्या म्हणजे राजस्थान, नाहीतर अरबस्तान. आपल्याच तालुक्यात त्या आहेत हे पुस्तक सांगत नाही, आणि आपणही सांगत नाही. सहली मात्र दरवर्षी कोल्हापूरला, नाहीतर वॉटरपार्कला जातात.

ही नक्षी होते कशी, हे समजायला मोठी विद्या लागत नाही. वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण पाच-सहा मीटर झाला की कोरडी वाळू हलू लागते. कण हवेत फार उंच उडत नाहीत, टुणटुण उड्या मारत जातात. खाली पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतात, मग ते उडतात. कुठे जरासा उंचवटा झाला की वाऱ्याकडच्या बाजूवर जास्त कण आदळतात आणि आडोशाच्या बाजूवर कमी. असं होत होत वाऱ्याच्या दिशेला आडव्या रेघा तयार होतात. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि पुढे प्रयोगशाळेत वारा सोडून याचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक 1941 साली आलं आणि आजही या विषयाची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

मुलांना तिथे नेऊन करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. रेघेच्या माथ्यावरची चिमूटभर वाळू आणि दोन रेघांमधल्या खोलगटातली चिमूटभर वाळू वेगवेगळ्या कागदावर घ्या आणि भिंगातून पाहा. वाऱ्याच्या नक्षीत जाड कण माथ्यावर सापडतात, बारीक कण खाली. मग ओल्या किनाऱ्यावर लाटांनी केलेल्या रेघा पाहा. पाणी पुढे-मागे हलतं म्हणून त्या दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या असतात. वाऱ्याच्या रेघेचा एक उतार सौम्य असतो, दुसरा उभा. त्यावरून वारा कुठून आला ते सांगता येतं. दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे पाठ करून घेण्यापेक्षा हे चांगलं. ‘मोसमी’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला, हे मी भाषेच्या तासाला सांगतोच.

आणखी एक शब्द आमच्या मुलांना माहीत असतो, अर्थ माहीत नसतो. कुरआनच्या 46व्या सूरहचं नाव ‘अल-अहकाफ’ आहे. अहकाफ म्हणजे वाऱ्याने वळलेल्या वाळूच्या टेकड्या. हजरत हूद अलैहिस्सलाम यांची आद ही कौम अशा प्रदेशात राहत होती. त्यांना आपल्या ताकदीचा गर्व होता. समोरून येणारा ढग पाऊस घेऊन येतोय असं त्यांना वाटलं, आणि तो त्यांचा नाश करणारा वारा निघाला. ज्यांना ही कथा श्रद्धेने वाचायची नाही त्यांनीही एवढं घ्यावं की वाळू आणि वारा यांना गृहीत धरणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे.

आता मूळ मुद्दा. महसुली भाषेत पिकाखाली न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. वाळूच्या टेकडीकडे आपण त्याच नजरेने पाहतो, पडीक आणि रिकामी म्हणून. ती रिकामी नाही. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, नंतरच्या शांत महिन्यांत समुद्र ती परत आणतो आणि वारा ती मागे ढकलतो. टेकडी म्हणजे या देवघेवीतली शिल्लक. मोठं वादळ येतं तेव्हा ही शिल्लक खर्च होते आणि मागची घरं, विहिरी, माड वाचतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तो वारा राजापूर तालुक्यात कुणी विसरलेलं नाही.

ही वाळू जागेवर धरून ठेवतात त्या वेली आणि गवत. जांभळ्या फुलांची मर्यादवेल पुळणीवर लांबवर पसरते. तिचं नाव ज्याने ठेवलं त्याला समुद्राची हद्द कळत होती. रावणाची मिशी नावाचं टोचणारं गवत असतं, त्याचे काटेरी गोळे वाऱ्यावर लोळत जातात. मोटारीचं चाक यांच्यावरून गेलं की मुळं तुटतात. वेल मेली की त्याच जागी वारा वाळू उकरतो, खळगा पडतो आणि तो दरवर्षी रुंद होतो. नक्षी पुसली तर वारा काही तासांत नवी काढतो, वेल मात्र तितक्या लवकर येत नाही.

माझ्या समाजाला इथे स्पष्ट सांगायला हवं. बासी ईदला आमची तरुण मुलं पुळणीवर जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जीप आणि मोटारसायकली वाळूवर घालून गोल चकरा मारणं, त्याचे व्हिडिओ काढणं आणि बिर्याणीच्या थर्माकोलच्या प्लेटा तिथेच टाकून येणं हा आनंद नाही. माडबन आणि वेत्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती अंडी दीड-दोन महिने याच वाळूखाली असतात. इतर समाजांची मुलंही हेच करतात, हे खरं आहे. पण आपल्या घरातल्या मुलांना आपणच सांगू शकतो.

कुणी म्हणेल, टेकडी वाचवायची म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. साखरी नाट्यासारख्या गावातल्या मच्छीमाराला सीआरझेडचे नियम घर दुरुस्त करतानाही आडवे येतात, ही तक्रार खरी आहे आणि तिची दाद लागली पाहिजे. पण जाळी सुकवणारा, होडी ओढून घेणारा माणूस टेकडी सपाट करत नाही. सपाट करतो तो समुद्र दिसावा म्हणून बांधणारा. वाळूच्या टेकड्या सपाट करायला 2011च्या अधिसूचनेत मनाई आहे, आणि 2019च्या अधिसूचनेत या टेकड्या सर्वात जपायच्या गटात आहेत. नियम छोट्या माणसाला दाखवायचा आणि मोठ्याला सोडायचा, हे चालू राहिलं तर लोक नियमाचाच राग करतील.

रोजगाराचं उत्तर वेळासने दिलं आहे. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने तिथे कासवांचं काम सुरू केलं, आणि पुढे कासवं पाहायला येणारे लोक गावकऱ्यांच्याच घरी राहू-जेवू लागले. वाळूची नक्षी पाहायलाही माणसं येतील. त्यांना तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण देणारी घरं आपल्याकडे आहेत.

म्हणून शाळांना, मदरशांना आणि मोहल्ला कमिट्यांना माझं सांगणं एवढंच आहे. यंदाची एक सहल माडबनला न्या. पाऊस संपल्यावर, वाळू कोरडी झाल्यावर जा. गाड्या रस्त्यावर ठेवा, वेलींना वळसा घालून चाला, भिंग आणि वही बरोबर घ्या. कचऱ्यासाठी दोन रिकामी पोती घ्या, ती भरून परत आणा.